तासाचा रस्ता

तासाचा रस्ता हाय, तासाचा रस्ता हाय, हे ऐकून ऐकून माझं कान किटलंत. ह्या घरात आता कुणी हा शबूद काढला तर हातातलं भांडं फेकून मारीन, आधीच सांगून ठेवतो. व्हय, ‘ठेवतो’च. मी धोंडुबाई, बाईमाणूस हाय, पण आमच्याकडं बाया ‘मी आलो, मी गेलो’ असंच बोलत्यात. त्यात गोंधळायचं काय कारण न्हाय.

आमचं घर कोल्हापुराजवळ, उचगावात. विमानतळ हाकेच्या अंतरावर, त्यामुळं विमान उतराय लागलं की आमच्या गोठ्याच्या पत्र्यावरनंच जातंय. आधी म्हशी बिचकायच्या, दूध चोरायच्या. आता त्यांनाबी सवय झालीया. पण माझा धाकटा भाऊ गणपतराव, त्याला मी गणपाच म्हणतो, त्याला काय सवय झाली न्हाय. आवाज आला की हातातली बादली ठेवून अंगणात येणार, कपाळावर हात धरून वर बघणार आणि म्हणणार, आली बघ आक्का स्नेहलची गाडी. स्नेहल त्या गाडीत कधीच नसायची.

स्नेहल त्याची एकुलती एक लेक. ती चौथीत असताना तिची आई गेली. मी त्याच्या आधीच, नवरा वारल्यावर, माहेरला परत आलतो. तिच्या वेण्या घातल्या मी, तिच्या डब्याला भाकऱ्या बडवल्या मी, तिला फार्मसीपतोर शिकवायचं म्हणून भावाशी भांडलो मी. तवा लेक गणपाची असंल, पण तिला ठेच लागली की कळ माझ्या पायातनं येतीया.

लग्नाच्या वक्ताला दोन ठिकाणं आलती. एक आजऱ्याचं. पोरगा राजवीर, घरचा काजूचा कारखाना, भाताची शेती, माणसं बोलायला मोकळी. बघायला आला तवा स्नेहलला म्हणाला, आजऱ्यात औषधाचं दुकान टाकायचं असंल तर आमच्या घराला रस्त्याकडंची खोली मोकळीच हाय. पोरगी हसली. मी तिचं हसणं बघितलं आणि मनात म्हटलं, झालं काम. दुसरं ठिकाण हैदराबादचं. विश्वजित नावाचा पोरगा, कंपूटरवरची मोठी नोकरी, आईसंगं तितंच फ्लॅट घेऊन राहणारा. मूळची माणसं आपल्याच कागलकडची, पण पुण्यात वाढलेली, आता तितं मुरलेली.

पोहे खाता खाता गणपा म्हणाला, लांब हुतंय की हो पावणं. त्यावर त्या विश्वजितनं खिशातनं फोन काढला, त्यावर नकाशा आणला आणि कोल्हापुरापास्नं हैदराबादपतोर बोटानं सरळ रेघ वढली. हवेतनं साडेचारशे किलोमीटर, म्हणाला. "आबा, तासाचा रस्ता आहे. सकाळी निघाली तर दुपारच्या जेवणाला तुमच्याकडे." झालं. गणपाच्या डोळ्यात ती रेघ बसली ती बसलीच.

पावणं गेल्यावर आम्हा भावा-बहिणीची जुंपली. तो म्हणतोय, आजऱ्याला एसटीनं अडीच तास लागत्यात, हैदराबादला एक. मग लांब कुठलं, तूच सांग. बघा आता. माणसाला अक्कल असतीया, पण कुणी फोन म्होरं धरला की ती जातीया कुठं? मी म्हटलं, गणपा, आजऱ्याला पोरीचं नुसतं डोकं दुखतंय असं कळलं तरी मी उठून जाईन. एसटी बंद पडली तर दुसरीत बसीन, न्हाय तर दुधाच्या टेम्पोतनं जाईन. तुझ्या त्या सरळ रेघंवर पाय ठेवाय जागा कुठाय? तर मला म्हणतोय, आक्का, तुला कळत न्हाय त्यातलं. आणि आजरेकरांना निरोप धाडला की आमाला लांब पडतंय. आजरा लांब पडतंय म्हणून ह्यानं पोरगी हैदराबादला दिली. अख्ख्या जिल्ह्यात असा शाणा दुसरा गावायचा न्हाय. स्नेहलनं बापाच्या तोंडाकडं बघितलं आणि व्हय म्हटलं. दुसरं काय करणार लेकरू.

माघात लग्न झालं. पाडव्याला पहिल्यांदा यायची हुती. तिकीट काढलं, पोरीनं बॅग भरली, हितं मी वाडी रत्नागिरीवरनं जोतिबाचा गुलाल आणून ठेवला. आदल्या दिवशी जावयाचा फोन आला, घरी पाहुणे येताहेत, तिकीट रद्द केलंय, पुढच्या आठवड्यात पाठवतो. पुढचा आठवडा काय उगवला न्हाय. मग उन्हाळ्यात आंब्याला येणार हुती. परत तिकीट, परत बॅग. विहीणबाईंचं गुडघं दुखाय लागलं, स्वयंपाकाची बाई सोडून गेली, तिकीट रद्द. मग बेंदूर आला. स्नेहलला बेंदराचं लहानपणापास्नं वेड. जनावराची शिंगं ती स्वता रंगवायची, हात कोपरापतोर लालभडक करून घ्यायची. बेंदराचं तिकीट तर ती विमानतळाकडं निघायच्या वक्ताला रद्द झालं. का, तर विश्वजितच्या हापिसातलं कायतरी निघालं आणि घरात कोण बघणार.

एक अंगठा फोनवर टेकला की पोरीचं माहेर रद्द. इतकं सोपं. आणि प्रत्येक येळंला माझा भाऊ काय म्हणायचा? राहू दे आक्का, येईल की पुढच्या आठवड्यात, तासाचा तर रस्ता हाय. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. मी विचारायचो, मग तू का न्हाय जात बघून यायला? तर त्यावरबी तेच. जाईन की, तासात तर पोचतोय. सहा महिन्यांत हा बाप एकदा त्या विमानात बसला न्हाय. रोज खाली उभा राहून वर बघायचा.

श्रावण लागला. पंचमी तीन दिसांवर आली. स्नेहलचा फोन आला तवा मी लाह्या पाखडत हुतो. मागं नळ चालू ठेवल्याचा आवाज येत हुता आणि पोरगी हळू बोलत हुती.

"आत्ती, तिकीट काढू नका. कुणीतरी या."

एवढंच बोलली आणि फोन बंद.

आता मुराळी म्हंजे काय, हे शहरातल्या पोरांना सांगाय लागंल. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला सासरवाशीण आपली आपण माहेरला येत न्हाय. तिला आणाय माहेरचं माणूस जातंय, शिदोरी घेऊन जातंय. त्यो मुराळी. भाऊ असंल तर भाऊ जातोय, भाऊ नसंल तर बाप. आणि आमच्या घरची रीत अशी, की लेकीला धाडतो असा शबूद मिळाल्याबिगर मुराळी त्या घरचं पाणीसुदीक तोंडाला लावत न्हाय. मला न्यायला माझा बा भर पावसात चालत आलता आणि माझ्या सासूनं धाडतो म्हणेपतोर बाहेरच्या सोप्यात भिजका बसून राहिलता.

मी गणपाला सांगितलं, पोरीनं बोलावलंय, ऊठ, जा. तर हा फोनमधी डोकं घालून बसला. म्हणाला, तिकीटच काढतो की तिचं, मी हार घेऊन विमानतळावर उभा राहतो, आताच्या जमान्यात कोण मुराळी जातंय. मी हातातलं सूप खाली आपटलं. लाह्या अंगणभर झाल्या. म्हटलं, तीनदा तिकीट काढलंस, तीनदा त्यांनी फाडलं, चौथ्यांदा काढून काय करणार हाईस? ती तिकीट मागत न्हाय रं, माणूस मागतीया. तिला भाऊ न्हाय, बाप हाय, आणि त्यो बाप विमानतळावर हार घेऊन उभा राहणार म्हणं. लाज वाटाय पाहिजे. गणपा म्हणाला, बघू उद्या. त्याचं ते ‘बघू’ मला लहानपणापास्नं म्हाईत हाय. मी उठलो, दोन म्हशींचं शेजारणीला सांगितलं, नाक्यावरच्या दुकानात गेलो आणि माझं तिकीट काढलं. दुकानदार म्हणाला, मावशी, परतीचं? मी म्हटलं, न्हाय. शबूद मिळाल्याबिगर परतीचं काढायचं नसतंय.

शिदोरीला तंबिटाचं, म्हंजे भाजक्या पिठाचं, लाडू केलं, लाह्या घेतल्या, ओटीला खण-नारळ घेतला. उजाडायच्या आत निघालो, कारण दुकानदार म्हणाला, दोन तास आधी जावं लागतंय. म्हंजे बघा, एका तासाच्या रस्त्याला दोन तास आधी. तितं गेलो तर गाठोडं यंत्रातनं घातलं आणि तितल्या पोरीनं नारळ बाहेर काढला. संगं न्यायचा न्हाय म्हणाली, नियम हाय. मी म्हटलं, बाई, हा लेकीच्या ओटीचा नारळ हाय, हा काय बाँब हाय व्हय? पोरगी काय वाईट न्हवती, हात जोडून बोलत हुती. पण नारळ ठेवून घेतला. ओटीचा नारळ वाटेत सोडून मुराळी म्होरं निघाला. अंगाचा नुसता तिळपापड झालता.

मग बसलो. बाहेर ढग इतकं खाली आलतं की समोरचा डोंगर दिसंना. हैदराबादहून यायचं विमान येईना. कुणी विचारलं की सांगायचं, हवामान. दुपार झाली. मी घरनं आणलेली भाकरी खाल्ली. बाजूला एक पावणा बसलता, तोबी बायकोला फोनवर तेच सांगत हुता, तासात येतो म्हणून, आणि ते तो सकाळपास्नं सांगत हुता. शेवटी विमान आलं, आम्ही बसलो, ते उडालं. आमच्या गोठ्याचा पत्रा खाली दिसला, इवलासा. आणि वर बघणारा गणपा तितं उभा असणार हे माझ्या ध्यानात आलं, तवा मला त्याची दया न्हाय आली, रागच आला. मेल्या, वर बघायला मान वळतीया तुझी, म्होरं टाकायला पाय वळत न्हाय.

हैदराबाद तासा-सव्वा तासात आलं, खोटं कशाला बोलू. पण हैदराबाद आलं म्हंजे लेकीचं घर आलं असं न्हाय. विमानतळापास्नं बस, बशीतनं उतरून रिक्षा, भाषा न्हाय, पत्ता दाखवत दाखवत. वाटेत एका देवळाबाहेर नारळ घेतला. त्यांच्या बिल्डिंगीखाली पोचलो तवा दिवेलागण झालती. सकाळी चूल पेटायच्या आधी निघालेलं माणूस दिवा लावायच्या वक्ताला पोचलं. तासाचा रस्ता.

वाचमननं वर फोन लावला आणि मला सोडलं. दार विहीणबाईंनी उघडलं. गोड बाई. अहो, कशाला एवढा त्रास घेतलात, कळवायचं, तिचं तिकीट काढलं नसतं का. बोलणं असं की साखर झडंल. विश्वजित कंपूटरम्होरं बसलता, त्यानं हात वर केला आणि दोन मिनिटं अशी खूण केली. आणि आतनं माझी स्नेहल आली. हाताला कणीक लागलेली, गळ्याची हाडं वर आलेली. मला बघून ती धावत येईल असं वाटलं हुतं. पण ती थांबली. आधी नवऱ्याच्या तोंडाकडं बघितलं, मग सासूच्या, आणि मग माझ्याकडं आली.

"आत्ती, मी पाणी आणते," म्हणाली.

‘आणते’. आमची स्नेहल जन्मात कधी ‘आणते’ म्हणाली न्हवती. विहीणबाई हसून म्हणाल्या, आम्ही शिकवलं तिला, इथं सगळे हसायचे हो तिच्या ‘येतो-जातो’ला. मी म्हटलं, पाणी नगं. मी मुराळी हाय. पंचमीला लेकीला न्यायला आलोय. धाडतो म्हणा, मग पाणी पितो.

विहीणबाईंच्या तोंडावरची साखर जराशी इरघळली. बाई कागलकडची, मुराळी म्हंजे काय हे तिला चांगलं म्हाईत. तिनं लेकाकडं बघितलं. विश्वजित आता कंपूटरपास्नं उठून आला, पाया पडला, आणि समजावाय लागला. आत्या, आत्ता घरात अडचण आहे, स्वयंपाकाला बाई मिळत नाहीये, आईचे गुडघे, माझं काम. गणपतीला दोघेही येतो. तुम्ही आलात ते छानच झालं, दोन दिवस राहा. त्याचं बोलणं ऐकलं तर कुणालाबी वाटंल की पोरगा सोन्यासारखा हाय. हेच तर वाईट. आवाज चढवला असता, शिवी दिली असती तर मी तितंच त्याचं बखोट धरलं असतं. पण हा न्हाय कधी म्हणतच न्हाय. हा म्हणतोय, पुढच्या आठवड्यात. मग त्यानं त्ये म्हटलंच.

"आत्या, स्नेहलला कोण अडवतंय? तासाचा तर रस्ता आहे."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. वाटलं, गाठोडं त्याच्या डोक्यात घालावं. पण मी मुराळी हुतो. मुराळ्यानं भांडायचं नसतंय, बसायचं असतंय. मी दाराशी गेलो, त्यांच्या चपलांच्या कपाटाला टेकून खाली फरशीवर बसलो आणि गाठोडं मांडीवर घेतलं. विहीणबाई जेवायला उठा म्हणाल्या. मी उठलो न्हाय. सोफ्यावर तरी बसा म्हणाल्या. बसलो न्हाय. शेजारची बाई कायतरी मागायला आली आणि मला दारात बसलेलं बघून कोण म्हणून विचाराय लागली. विहीणबाईंनी दार लावून घेतलं. स्नेहल आतनं दोनदा आली, माझ्याकडं बघून परत गेली. तिला मी डोळ्यानंच सांगितलं, मी हाय. रात्र तशीच बसून काढली. पाठ मोडून आली, घसा कोरडा पडला. माझ्या बाच्या आठवणीनं डोळ्याला धार लागली हे कबूल करतो, पण ती कुणाला दिसू दिली न्हाय.

सकाळी विश्वजित आतनं आला. तोंड उतरलं हुतं, झोप त्यालाबी लागली नसावी. म्हणाला, ठीक आहे आत्या, तुमचा हट्टच असेल तर उद्याचं तिकीट काढतो तिचं, आज तेवढं काम आटपू दे. आणि खिशातनं फोन काढला. तेवढ्यात स्नेहल आली. बॅग न्हवतीच. खांद्याला नुसती एक पिशवी हुती. नंतर मला कळलं की तीनदा भरलेली बॅग तीनदा रिकामी केल्यावर तिनं ती माळ्यावर टाकून दिलती. ती नवऱ्याम्होरं उभी राहिली.

"तिकीट तुम्हाला रद्द करता येतंय. आता आत्तीला रद्द करून दाखवा."

विश्वजितच्या हातात फोन तसाच राहिला. कुठलं बटण दाबणार? विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. कुणी धाडतो म्हणालं न्हाय आणि कुणी अडवलंबी न्हाय. मी उठाय लागलो तर गुडघं धरलेलं, स्नेहलनंच हाताला धरून उठवलं. पाणी मी त्या घरचं प्यालो न्हाय. खाली येऊन वाचमनच्या माठातलं दोन तांबं प्यालो.

तितनं आम्ही बस धरली. विमानाचं नाव दोघींपैकी कुणी काढलं न्हाय. आधी सोलापूरची गाडी, सोलापुरातनं कोल्हापूरची एसटी. अख्खा दिवस. जहीराबादपतोर पोरगी खिडकीतनं बाहेर बघत बसली. मी तंबिटाचा लाडू हातात दिला. उमरगा ओलांडल्यावर बोलाय लागली, ती सोलापूर येईपतोर बोलतच हुती. मारहाण न्हाय, उपाशी ठेवलं न्हाय. नुसतं ‘जा की, कोण अडवतंय’ म्हणायचं आणि जाऊ द्यायचं न्हाय. औषधाच्या दुकानात नोकरी बघितली, तर ‘कर की’ म्हणाले आणि त्याच दिसापास्नं स्वयंपाकाची बाई बंद. घरातनं एकटीनं खाली उतरली तरी कुठं गेलीस म्हणून फोन. बोलता बोलता ती मधीच थांबायची, ‘मी गेले’ म्हणून जीभ चावायची आणि परत ‘मी गेलो’ म्हणायची. तासाभराच्या विमानात ह्यातलं काय बाहेर आलं असतं? पट्टा बांधा, पट्टा सोडा, संपलं.

मग ती म्हणाली, दुसऱ्यांदा तिकीट रद्द झालं तवा तिनं बापाला फोन केलता. आबा, मला न्यायला या, असं सरळ सांगितलं हुतं. गणपा म्हणालता, अगं येडे, न्यायला कशाला पाहिजे, तासाचा रस्ता हाय, पुढच्या आठवड्यात ये. त्यानंतर तिनं बापाला काय सांगितलंच न्हाय. हे मला गणपानं कधी बोलून दाखवलं न्हवतं. तवापतोर माझा राग हैदराबादवर हुता. तितनं म्होरं तो उचगावावर निघाला.

घरी पोचलो तवा गणपा दारातच उभा. पोरीला बघून त्याला भरून आलं, डोळं पुसाय लागला. आणि तोंडातनं काय काढावं? एवढा त्रास कशाला घेतला गं, विमानानं आली असतीस तर तासात आली असतीस. मी भांडं शोधाय लागलो. पण स्नेहलनं मला हातानं थांबवलं. ती बापाजवळ गेली, त्याच्या पाया पडली आणि उभी राहून विचारलं.

"आबा, मला आजऱ्याला दिली असती, तर तुम्ही किती वेळा आला असता?"

गणपा काय खोटं बोलणारा माणूस न्हाय. त्यानं जरासा विचारबी केला.

"आजऱ्याला व्हय? महिन्याला एक चक्कर झालीच असती की. काजूच्या सुगीत तर..."

आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच ऐकू आलं. एवढं दिस त्याला शिव्या घातल्या, पण त्या घडीला माझ्याकडं घालायला काय उरलंच न्हाय. तो गोठ्यात गेला आणि लई येळ म्हशीच्या पाठीवर हात फिरवत उभा राहिला. स्नेहल आत गेली आणि हातपाय धुऊन तिच्या जुन्या जागी, चुलीच्या कडंला बसली.

दुसऱ्या दिशी पंचमी. पोरगी गल्लीतल्या चिंचंवर बांधलेल्या झोक्यावर चढली आणि उतरंनाच. गल्लीतल्या पोरी मागं लागल्या की आमचा नंबर, तरी उतरंना. मी तिला बघत दारात बसलतो. तेवढ्यात तिचा फोन वाजला, माझ्याजवळच ठेवलता. विश्वजित. मी तिला हाक मारली. ती झोका थांबवून आली आणि सगळ्यांना ऐकू येईल असा फोन मोठा केला.

त्याचा तोच गोड आवाज. पंचमी झाली ना छान? आई एकटी आहे. परवाचं तुझं तिकीट काढलंय, पाठवतोय. आबांना विमानतळावर सोडायला सांग, मी इकडे घ्यायला येतो.

गणपा तिथंच कडबा तोडत हुता. त्याच्या हातातला इळा थांबला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात स्नेहल बोलाय लागली. आवाज असा थंड, की मलाबी ओळखू येईना.

"तिकीट नका पाठवू. तुम्ही या. आत्ती बसलती तशी आमच्या दारात बसा. मी येतो का न्हाय, ते तुम्हाला हितं सांगतो."

तो म्हणाला, अगं, मला सुट्टी कुठं मिळणार?

स्नेहल म्हणाली, "तासाचा तर रस्ता हाय."

आणि फोन ठेवून झोक्याकडं गेली.

गणपतीबी होऊन गेलं. स्नेहल आता कोल्हापुरात एका औषधाच्या दुकानात कामाला जातीया, सांजच्याला परत येतीया. विमान रोज येतंय, रोज पत्र्यावरनं जातंय. गणपा आता वर बघत न्हाय. आवाज आला की मान खाली घालून गोठ्यात शिरतोय. त्यानंच जावयाला बसायला म्हणून दारात घोंगडं अंथरून ठेवलंय, उचलू देत न्हाय. त्यावर आमचं मांजर झोपतंय.